"किसुमूच्या बायकांचं प्रपोजल लिहू की युगांडातल्या मुलांच्या स्टोऱ्या?"

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार. मी २७ वर्षांची आहे, मूळ साताऱ्याकडची, सध्या पुण्यात कंटेंट रायटिंगचा जॉब करते. दिवसभर गाद्या आणि प्रोटीन पावडरवर लिहून कंटाळलेय, म्हणून कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काही फुकट का होईना लिहावं म्हणून ऑनलाइन शोधत होते. त्यातून दोन ठिकाणी बोलणं सुरू झालंय. एक केनियात किसुमूजवळचा बायकांचा गट आहे, बचत करतात, भाजीपाला पिकवतात. त्यांना फंडिंगसाठी प्रपोजल लिहून हवंय. पण ते उत्तरं फार उशिरा देतात, लांबच लांब व्हॉइस नोट पाठवतात, आणि मी आयुष्यात कधी प्रपोजल लिहिलेलं नाही. दुसरं युगांडातलं अनाथ मुलांचं होम आहे. ते लगेच रिप्लाय देतात. त्यांना मुलांच्या इमोशनल स्टोऱ्या लिहून हव्यात, फोटो पण पाठवलेत, त्या मी माझ्या इन्स्टावर टाकून इकडे पैसे गोळा करावेत असं म्हणतात. व्हॉलंटिअर म्हणून नाव नोंदवायला १५० डॉलर फी आहे, नंतर तिकडे जाऊन राहता पण येईल. खरं सांगायचं तर मन दुसऱ्याकडे ओढतंय. आई म्हणते, आपल्याकडे काय संस्था कमी पडल्यात का? माझं इंग्लिश पुरेल का, कुणाला हो म्हणू, आणि हे मुळात बरोबर आहे का?
– एक लिहिणारी, पुणे

ताईचं उत्तर:

आधी घाईचं सांगते, बाकीचं मग सावकाश बोलू. ते १५० डॉलर पाठवू नकोस. पाठवले असशील तर पुढे आणखी एक रुपयाही नको. आणि मुलांचे फोटो इन्स्टावर टाकले असशील तर हे वाचून झाल्यावर लगेच काढ, स्टोरीच्या हायलाइटमधून पण काढ.

फी मागणारे सगळे फसवेच असतात असं मी म्हणणार नाही. प्रत्यक्ष जाऊन राहणाऱ्या माणसाकडून राहण्याजेवणाचा खर्च घेणाऱ्या नीट संस्था आहेत आणि ते रास्तही आहे, त्यांनी तुला पोसायचं कशाला. पण तू पुण्यात बसून तुझ्या लॅपटॉपवर लिहिणार, त्यासाठी नाव नोंदवायचे पैसे कशाचे? काम तू देणार, वेळ तू देणार आणि वर पैसेही तूच देणार, हा हिशोब कुठूनही बसत नाही.

पण मला फीपेक्षा जास्त काळजी त्या मुलांची वाटते, म्हणून यावर जरा थांबते. पूर्व आफ्रिकेत अशा होम्सबद्दल गेली काही वर्षं खूप गंभीरपणे बोललं जातंय. केनियाने २०१७ सालीच नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ मध्ये दहा वर्षांचं राष्ट्रीय धोरण आणलं की मुलांना संस्थांमधून काढून हळूहळू कुटुंबांकडे, नातेवाइकांकडे परत न्यायचं. कारण काय, तर या होम्समधल्या बऱ्याच मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक, जिवंत असतात. घरी शाळेची फी भरायला नाही, खायची पंचाईत आहे, म्हणून मूल तिथे ठेवलेलं असतं. आणि एकदा का होमला येणारा पैसा मुलांच्या संख्येवर आणि त्यांच्या दुःखाच्या गोष्टींवर चालायला लागला की मूल घरी परत जावं असं कुणालाच वाटेनासं होतं, चांगल्या मनाच्या माणसांनासुद्धा. तू लिहिलेली स्टोरी जितकी रडवणारी, तितकं ते मूल तिथे जास्त दिवस. ही गोष्ट मला फार लागते.

दुसरं म्हणजे त्या मुलाचा चेहरा, त्याचं नाव आणि 'आईने टाकलं' किंवा 'आईला एचआयव्ही होता' असली माहिती एकदा तुझ्या अकाउंटवर गेली की ती कायमची गेली. आठ वर्षांचं पोरगं उद्या अठराचं होणार, नोकरी शोधणार, लग्न करणार, आणि नाव सर्च केल्यावर पहिलं काय दिसणार तर तुझी पोस्ट. आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला चक्क मनाई करतं. साताऱ्यातल्या बालगृहातल्या मुलाचा फोटो नावगावासकट तू टाकला असतास का? नसता टाकला ना. मग युगांडातल्या मुलाचा का टाकायचा? युगांडातही २०१९ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. बालगृह चालवायला तिथल्या समाजविकास मंत्रालयाची मंजुरी लागते ती वेगळी. तू त्यांना इतकंच विचार की मंजुरीचं पत्र पाठवाल का, आणि मुलांना घरी परत नेण्यासाठी तुम्ही काय करता. नीट संस्था असेल तर या प्रश्नाचा राग येणार नाही, उलट बरं वाटेल की कुणीतरी हे विचारलं.

पैसे गोळा करण्याचं पण स्पष्ट सांगते. मित्रमैत्रिणींकडून तुझ्या खात्यात यूपीआयने पैसे घेऊन ते परदेशी पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. परदेशातल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जीची सूट मिळत नाही, बँक पैसे बाहेर पाठवताना कारण विचारते, आणि उद्या कुणी म्हणालं माझ्या पाच हजारांचं काय झालं तर उत्तर तुलाच द्यायचंय. तू लिहिणारी आहेस, तुझी मदत लिहिण्याची आहे. पैशाचं काम ज्याचं त्याला करू दे.

तुझं मन तिकडे ओढतंय हे मला कळतं. लगेच रिप्लाय येतो, 'यू आर अ ब्लेसिंग' वगैरे म्हणतात, लहान मुलांचे चेहरे समोर असतात. दिवसभर गाद्यांवर लिहिणाऱ्या मुलीला ते हवंहवंसं वाटणारच, त्यात तुझं काही चुकलं नाही. पण जिथे तुझी खरंच गरज आहे ते ठिकाण बहुतेक वेळा इतकं गोड बोलत नाही, कारण तिथल्या माणसांना वेळच नसतो.

म्हणून माझं सरळ मत, किसुमूच्या बायकांना हो म्हण.

त्या उशिरा का उत्तर देतात, याचा जरा त्यांच्या बाजूने विचार करून बघ. गटात स्मार्टफोन असलेली एखादीच असते, डेटा पॅक आठवड्याचा घेतलेला असतो नाहीतर त्या दिवसापुरता, तो संपला की संपला. किसुमूच्या भागात मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस, म्हणजे वर्षातून दोनदा पेरणीची धावपळ, त्या दिवसांत तुझ्या मेलला उत्तर द्यायला कोण बसणार आहे. घरात लुओ भाषा, बाजारात स्वाहिली आणि ऑफिसच्या कागदावर इंग्लिश, अशा तीन भाषांमधून ती बाई तुझ्यापर्यंत येतेय, त्यात टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं, म्हणून व्हॉइस नोट. त्या व्हॉइस नोट डिलीट करू नकोस हं. प्रपोजलमध्ये लागणारी निम्मी माहिती त्यातच असेल, फक्त ती तुला हव्या त्या क्रमाने नसेल. कान देऊन ऐक, उतरवून काढ, आणि उतरवलेलं त्यांना परत पाठवून विचार की मी बरोबर ऐकलं का.

वेळेचंही एक लक्षात ठेव. नैरोबी-किसुमू आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे हे झालं घड्याळाचं, पण स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे तिथल्या घड्याळात सकाळचे नऊ वाजले की स्वाहिलीत दिवसाचे तीन. इंग्लिशमध्ये बोलताना बहुतेक लोक आपल्यासारखंच सांगतात, पण व्हॉइस नोटमध्ये गडबड होऊ शकते. कॉल ठरवताना नेहमी विचार, 'तुमच्या सकाळी का दुपारी?' आणि डोनरची, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेची, शेवटची तारीख असेल तर तू स्वतःसाठी ती दोन दिवस आधीचीच धर.

आता अनुभवाचं. तुला वाटतंय की तुझ्याकडे काहीच नाही, पण तू साताऱ्याकडची आहेस, तुझ्या आजूबाजूला बचत गट बघत मोठी झाली असशील. केनियात अशा गटांना चामा म्हणतात, काही चामा म्हणजे सरळ आपली भिशी, दर महिन्याला एकीला पैसे, आणि काही ठिकाणी पैसे साठवून आपसांत कर्ज देतात, व्याज गटातच राहतं. आफ्रिकेत या दुसऱ्या प्रकाराला जो ठरावीक साचा मिळाला त्याची सुरुवात १९९१ साली नायजर देशात केअर या संस्थेने केली, नंतर तो कितीतरी देशांत पसरला. त्यात एक पत्र्याची पेटी असते, पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, आणि पेटी उघडायची ती सगळ्यांसमोर. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, रजिस्टर, उशिरा आलं तर दंड, हे सगळं तुला ओळखीचंच वाटेल. ज्या मुलीने असं काही कधी बघितलं नाही तिला या गटाला काय विचारायचं तेच सुचणार नाही, तुला सुचेल. कर्ज कशासाठी घेतात जास्त, परतफेड कधी थांबते, दुष्काळात की शाळेच्या फीच्या दिवसांत, नवऱ्याला कळू न देता पैसे ठेवायला किती जणी येतात, आधीचं कुठलं काम अर्धवट राहिलं का आणि का राहिलं. याच प्रश्नांवर प्रपोजल उभं राहतं. तुझं इंग्लिश पुरतं, अगदी आरामात पुरतं, डोनरला साधं, स्पष्ट, खरं इंग्लिश लागतं, कविता नको असते. केनियात स्पेलिंग ब्रिटिश चालतं, आपल्यासारखंच, तो पण प्रश्न नाही.

प्रपोजल म्हणजे काय ते आता सांगते. पहिल्या टप्प्याला बऱ्याचदा दोन-तीन पानांची कन्सेप्ट नोट लागते, पूर्ण प्रपोजल नंतर, ते पण त्यांनी बोलावलं तर. त्यात कोण आहोत, अडचण नक्की काय आहे, आम्ही काय करणार, कोणासाठी, किती दिवसांत, किती पैशांत, आणि जमलं की नाही हे कसं कळणार, एवढंच असतं. पण लिहायला बसण्याआधी कागद माग. गटाचं नोंदणी सर्टिफिकेट (केनियात अशा गटांसाठी २०२२ चा कम्युनिटी ग्रुप्स रजिस्ट्रेशन ॲक्ट आहे), गटाची घटना म्हणजे नियमावली, गटाच्या नावाचं बँक खातं आणि सही कोणाकोणाची चालते, मागच्या वर्षाचा हिशोब. यातलं एखादं नसेल तर घाबरू नकोस, लहान गटांकडे सगळं नसतंच, पण कुठल्या डोनरकडे जायचं हे त्यावर ठरतं. ऑडिट नसलेल्या गटाने मोठ्या फाउंडेशनचा फॉर्म भरण्यात महिना घालवणं म्हणजे त्यांचाही वेळ वाया आणि तुझाही. जपानचा दूतावास केनियात स्थानिक संस्थांच्या छोट्या कामांना अनुदान देतो, घानातल्या अक्रामध्ये आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड आहे जो आफ्रिकेतल्या बायकांच्या संघटनांनाच पैसा देतो, ग्लोबलगिव्हिंगसारखी लोकवर्गणीची साइट आहे. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आणि त्या दरवर्षी बदलतात, त्या वाचून 'हे आपल्याला लागू होतं का' याचं खरं उत्तर काढून देणं, एवढंच केलंस तरी पहिल्या महिन्याचं काम झालं. मी तर म्हणेन सगळ्यात उपयोगी काम तेच.

बजेट त्यांनीच करायचं, केनियन शिलिंगमध्ये. तू फक्त तपासायचं की मजकुरात ६० बायका म्हटलंय आणि बजेटमध्ये ४० बायकांचं बियाणं धरलंय असं तर नाही ना. हसू नकोस, प्रपोजल याच कारणाने परत येतात. आणि तुझ्या कंटेंट रायटिंगच्या सवयीतून एक गोष्ट मात्र इथे आणू नकोस, वाढवून लिहिणं. जाहिरातीत 'आयुष्य बदलेल' लिहिलं की संपतं. इथे तू 'वर्षात २०० कुटुंबांचं उत्पन्न दुप्पट' असं लिहिलंस आणि पैसे मिळाले, तर पुढचं वर्षभर त्या बायकांना त्या वाक्याचा हिशोब द्यावा लागतो, रिपोर्ट द्यावा लागतो, आणि तो जमला नाही की त्या डोनरकडे पुन्हा तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून प्रत्येक आकडा त्यांच्या तोंडून आलेला पाहिजे. ड्राफ्ट झाला की गटाच्या मीटिंगमध्ये स्वाहिलीत नाहीतर लुओत वाचून दाखवा असा आग्रह धर, मग भले आठवडा जाऊ दे.

एआयचं विचारलं नाहीस पण सांगते, कारण गट पण वापरतात आणि तू पण वापरशील. गुळगुळीत इंग्लिश आता कुणालाही फुकट मिळतं. त्यामुळेच तुझी किंमत इंग्लिशमध्ये नाही, चार अवघड प्रश्न विचारण्यात आणि उत्तर येईपर्यंत थांबण्यात आहे. आणि बायकांची नावं, फोन नंबर, कुणाच्या आजाराची माहिती असलं काही एआयमध्ये पेस्ट करायचं नाही. केनियातही २०१९ चा डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आहे, पण कायदा नसता तरी केलं नसतंस असं मी धरून चालते.

अपेक्षा मात्र जमिनीवर ठेव. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकदम गोठवली आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड या त्यांच्या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचं कामच बंद करून जे उरलं ते परराष्ट्र खात्याकडे दिलं, त्याचा फटका पूर्व आफ्रिकेतल्या दवाखान्यांपासून छोट्या गटांपर्यंत बसलाय. जे पूर्वी तिकडून पैसे घ्यायचे ते सगळे आता त्याच मोजक्या छोट्या डोनरांच्या दारात उभे आहेत. चांगलं लिहिलेलं प्रपोजलसुद्धा नाकारलं जाईल, एकदा नाही, बरेचदा. ते गटाला पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर इंडियातून एक मुलगी आली आणि आता पैसे येणार अशी आशा लागून बसते. ती आशा मोडणं फार वाईट.

आणि एक, जे मला मनापासून वाटतं. स्टोऱ्या लिहायची घाई करू नकोस, या बायकांच्या पण नाही. त्यांची गोष्ट सांगायला तिथे माणसं आहेत. नैरोबीतलं किबेरा नावाचं प्रचंड वस्तीचं ठिकाण २००९ पर्यंत नकाशावर जवळजवळ कोरं होतं, तिथल्याच तरुण पोरांनी गल्लीबोळ फिरून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर त्याचा नकाशा केला, मॅप किबेरा म्हणून, आणि मग स्वतःच्या वस्तीच्या बातम्याही स्वतः द्यायला लागले. तिथे वस्तीचं स्वतःचं रेडिओ स्टेशन आहे, पामोजा एफएम. म्हणजे आवाज नाही असं नाही. कमी काय पडतं तर फॉर्म भरायला बसणारं माणूस, वार्षिक रिपोर्टचं एडिटिंग, वेबसाइटवरचा दोन वर्षं जुना मजकूर नीट करणं, मीटिंगचं इतिवृत्त. दिसत नाही असं काम. तू ते घे. आणि केनियात पगार घेऊन प्रपोजल लिहिणारे, कम्युनिकेशनचं काम करणारे लोकही आहेत, चांगले आहेत, फुकट काम करून त्यांच्या पोटावर पाय यायला नको. म्हणून गटाला सुचव की बजेटमध्येच गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीसाठी अर्धवेळ मानधनाची ओळ टाका, आणि तिला तुझ्याबरोबर प्रत्येक कॉलला बसव. पुढच्या वेळी ती लिहील, तू वाचून देशील, त्याच्या पुढच्या वेळी तुझी गरज नसेल.

आता आईचं. आई चुकीचं बोलत नाहीये. सातारा, सोलापूर, नंदुरबार, कुठेही जा, इंग्लिशमध्ये रिपोर्ट लिहून हवा असलेली संस्था सापडेल, आणि तुला ते जवळचं वाटलं तर तेच कर, मला तितकाच आनंद होईल. पण आईला एक गोष्ट सांग. मुंबईत १९८४ साली स्पार्क ही संस्था सुरू झाली, पुढच्याच वर्षी त्यांनी फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची मोजणी केली, कारण सरकार त्यांना मोजतच नव्हतं. १९८६ मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन उभं केलं, रोजची बचत सुरू केली. आणि नव्वदच्या दशकात याच बायका दक्षिण आफ्रिकेला गेल्या, तिथल्या झोपडपट्टीतल्या बायकांना बचत कशी लिहायची, घरं कशी मोजायची ते दाखवायला, आणि तिकडच्या इकडे आल्या. त्यातून १९९६ मध्ये स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल हे अनेक देशांतल्या झोपडपट्टीवासीयांचं जाळं तयार झालं, मुंबईतले झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम त्याचे अनेक वर्षं अध्यक्ष होते. केनियात या जाळ्याचा साथीदार मुउंगानो वा वानाविजिजी, झोपडपट्टीतल्या लोकांचं संघटन. त्यांनी नैरोबीतल्या मुकुरू वस्तीत घरोघर माहिती गोळा केली, आणि २०१७ साली तिथल्या काउंटी सरकारने मुकुरू हा खास नियोजनाचा भाग म्हणून जाहीर केला, लाखभर कुटुंबांचा प्रश्न आहे तो. ज्यांच्याकडे इथे स्वतःचं छप्पर नव्हतं त्या बायका आफ्रिकेला गेल्या, आणि उपकार करायला नाही गेल्या, आपल्याला जे येतं ते दाखवायला आणि त्यांचं बघून यायला गेल्या. तू जे करायला निघालीयस ते नवीन नाही, आणि करायचं तर त्या बायकांसारखं कर. तू पण त्यांच्याकडून काहीतरी घेशील. मुकुरूमध्ये माहिती कशी गोळा केली हे शिकलीस तर साताऱ्यातल्या एखाद्या वस्तीत उपयोगी पडेल, आणि आईचा प्रश्नही सुटेल.

पुण्यातही बघ जरा. तुझ्या शहरात किती आफ्रिकन विद्यार्थी राहतात, आणि त्यांना भाड्याने घर देताना आपली माणसं काय काय बोलतात ते तुला माहीत आहे. एखाद्याला भाडेकरार समजावून सांगणं, त्याचा सीव्ही तपासून देणं, पोलीस व्हेरिफिकेशनचा मराठी फॉर्म भरून देणं, हेही लिहिणारीचंच काम आहे आणि त्याला विमान लागत नाही. किसुमूशी बोलायच्या आधी आफ्रिकेतल्या एका तरी माणसाशी समोरासमोर चहा पिऊन बोललेली असशील तर तुझं लिहिणं वेगळं होईल.

आणखी कुठे शोधायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन व्हॉलंटिअर सेवा आहे, फी वगैरे काही नाही, वय १८ पूर्ण पाहिजे, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, लेखन-संपादनाची कामं तिथे येत असतात. भाषांतर आवडत असेल तर ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स, आता क्लिअर ग्लोबल या संस्थेचा भाग आहे तो. आणि अगदी छोटं, गोड काम हवं असेल तर आफ्रिकन स्टोरीबुक बघ. दक्षिण आफ्रिकेतल्या एका शिक्षणसंस्थेचा उपक्रम आहे, केनिया-युगांडा-लेसोथो वगैरे ठिकाणच्या शिक्षकांनी आपापल्या भाषांत मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी, सगळ्या खुल्या परवान्याखाली. त्यातल्या बऱ्याच आपल्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या साइटवर पण आहेत आणि तिथे कुणीही मराठीत भाषांतर करू शकतं. तुला मुलांच्या गोष्टी लिहायची हौस आहे ना, मग ही कर, इथे कुणाच्याही मुलाचा चेहरा विकावा लागत नाही, उलट आफ्रिकेतल्या बाईने लिहिलेली गोष्ट तुझ्यामुळे झेडपीच्या शाळेतलं पोरगं वाचेल.

तिकडे जाण्याचं आत्ता डोक्यातून काढ. वर्षभर काम कर, मग त्यांनीच बोलावलं तर बघू. टुरिस्ट म्हणून जाऊन व्हॉलंटिअरिंग करणं कायद्यात बसत नाही. केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे जायच्या आधी ऑनलाइन काढायची प्रवासाची परवानगी, आणलंय ते भेटीपुरतं, कामाला, बिनपगारी असलं तरी, वेगळा परवाना लागतो. आणि पिवळ्या तापाची लस जायच्या निदान दहा दिवस आधी, तिचं सर्टिफिकेट नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर क्वारंटाइन करतात.

सीव्हीचा विचार तू केला असशील, करायलाच पाहिजे, त्यात लाज नाही. प्रपोजलवर नाव येत नसतं आणि ते बाहेर दाखवायचंही नसतं, म्हणून सुरुवातीलाच ठरव की सहा महिन्यांनी गटाच्या लेटरहेडवर शिफारसपत्र मिळेल का, आणि वेबसाइटचा मजकूर पोर्टफोलिओत दाखवला तर चालेल का.

आता या आठवड्यात काय करायचं. युगांडाला दोन ओळी, की मी फी भरणार नाही, मुलांचे फोटो आणि स्टोऱ्या टाकणार नाही, तुमचं मंजुरीपत्र पाठवलंत आणि वार्षिक रिपोर्टचं एडिटिंग हवं असेल तर सांगा. शिव्या येतील किंवा काहीच येणार नाही, दोन्हीने समजायचं ते समजेल. आणि किसुमूच्या सचिवबाईंना टाइप न करता व्हॉइस नोटच पाठव, हळू बोल, की मी आठवड्याला चार तास देऊ शकते, बुधवारी आणि रविवारी, सहा महिने तरी थांबेन, प्रपोजल मी पहिल्यांदाच लिहितेय आणि पैसे मिळतीलच असं नाही, पण आधी तुमचे कागद आणि मागच्या वर्षाचा हिशोब बघू, आणि तुमच्यातली कोण माझ्याबरोबर बसेल ते ठरवा. उत्तराला पंधरा दिवस लागले तरी पुन्हा पुन्हा 'हॅलो?' टाकू नकोस. कन्सेप्ट नोटचा पहिला ड्राफ्ट झाला आणि गटाची हरकत नसेल तर नावं काढून मला पाठव, बजेट आणि मजकूर जुळतोय का ते मी बघून देते.